स्वमग्न बालके आणि नैराश्यविरोधी औषधे : एका गृहीतकाचा इतिहास (१९६१ ते २०२०)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात औषध आधी हाती लागले आणि ते का लागू पडते याचा उलगडा पुष्कळ वर्षांनी झाला, अशी उदाहरणे विपुल आहेत. हिवतापावर सिंकोनाची साल दिली जात होती तेव्हा हिवतापाचा परजीवी कोणी पाहिलेला नव्हता. बालपणीच्या स्वमग्नतेच्या संदर्भात मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. येथे प्रथम रक्तातील एक मोजमाप हाती आले, त्यावरून एक गृहीतक उभे राहिले आणि त्या गृहीतकाला साजेसे औषध दुसऱ्याच विकारांच्या कपाटातून उसने आणले गेले. ते औषध या मुलांना खरोखर लागू पडते काय, याची कसोशीने तपासणी होईपर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. दरम्यान हजारो बालकांनी ते घेतलेले होते.

प्रस्तुत लेखात १९६१ ते २०२० या कालखंडात स्वमग्न बालकांवर झालेल्या नैराश्यविरोधी औषधांच्या वापराचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे. हा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेत घडलेला आहे; त्याचे परिणाम मात्र तेथेच थांबलेले नाहीत. तो केवळ औषधांचा इतिहासही नाही. ज्या मुलांपैकी अनेकांना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्या बाबतीत 'सुधारणा' म्हणजे काय हे कोणी ठरवले आणि कशाच्या आधारे ठरवले, हा प्रश्न या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

नावाचा आणि दोषाचा प्रश्न :

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांमध्ये आढळणाऱ्या एका लक्षणासाठी योजला. १९११ च्या त्यांच्या ग्रंथात तो येतो. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हाच शब्द त्यांनी एका वेगळ्या बालविकारासाठी उचलला. कॅनर यांच्या निरीक्षणात दोन गोष्टी ठळक होत्या. माणसांशी भावनिक संबंध जोडण्यातील जन्मजात अडचण ही पहिली आणि भोवतालचे सर्व काही जसेच्या तसे राहावे हा चिंताग्रस्त आग्रह ही दुसरी. यांतील दुसऱ्या गोष्टीकडे चार दशकांनंतर औषधशास्त्र वळणार होते.

मराठीत या अवस्थेला 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. शब्द सुरेख आहे, पण तो काहीसा दिशाभूल करणाराही आहे. मग्न असणे ही मनाची वृत्ती झाली; त्यामुळे हे मूल खिन्न आहे, रुसलेले आहे, आपल्याच दुःखात बुडालेले आहे असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात नकळत उमटतो. नैराश्यावरील औषध अशा मुलाला द्यावे ही कल्पना सामान्य माणसाला तर्कसंगत वाटण्यामागे या नावाचाही थोडा हात असावा. प्रत्यक्षात संशोधकांनी ही औषधे खिन्नतेवर उपाय म्हणून निवडलेली नव्हती. त्यांचा मार्ग रक्तातून गेला होता.

तो मार्ग एवढा आकर्षक का वाटला हे समजण्यासाठी त्या काळातील आईबापांची अवस्था लक्षात घ्यावी लागते. १९५० आणि १९६० च्या दशकांत मनोविश्लेषणवादी विचाराचा मोठा प्रभाव होता आणि मूल असे झाले ते आईच्या थंडपणामुळे, असे उघडपणे सांगितले जात होते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या ग्रंथाने हे मत घरोघरी पोहोचवले. त्याविरुद्ध उभे राहिलेले बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा विकार मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित असल्याचे प्रतिपादन केले. अशा वातावरणात रक्ताच्या नळीत मोजता येणारी एखादी विकृती सापडणे हे केवळ प्रयोगशाळेचे यश नव्हते. आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढणारा तो पुरावा होता. जैविक कारणाचा शोध ज्या उत्साहाने स्वीकारला गेला, त्यात हा नैतिक दिलासा मिसळलेला होता, आणि त्या उत्साहाने पुढे काही ठिकाणी विवेकावर मात केली.

रक्तातील सेरोटोनिन :

सेरोटोनिन हे द्रव्य १९४८ मध्ये क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी रक्तद्रवातून वेगळे केले. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य एवढीच त्या वेळी त्याची ओळख होती. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि पेज यांनी ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखवले. एलएसडी या भ्रमकारक द्रव्याची रासायनिक रचना सेरोटोनिनशी मिळतीजुळती आहे हे लक्षात येताच, मानसिक विकारांचे मूळ सेरोटोनिनच्या बिघाडात असावे असा विचार १९५४ मध्ये वूली आणि शॉ यांनी मांडला. एका लहानशा रेणूभोवती एवढी मोठी अपेक्षा गोळा होण्यास सहा वर्षेही लागली नाहीत.

या पार्श्वभूमीवर १९६१ मध्ये रिचर्ड शेन आणि डॅनियल फ्रीडमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वमग्न तसेच इतर मतिमंद बालकांच्या रक्तातील सेरोटोनिन मोजले. २३ स्वमग्न बालकांपैकी ६ बालकांत हे प्रमाण ठळकपणे वाढलेले आढळले. पुढील दशकांत अनेक प्रयोगशाळांनी ही तपासणी पुन्हा केली आणि स्वमग्न बालकांपैकी सुमारे चतुर्थांश ते एकतृतीयांश बालकांत रक्तातील सेरोटोनिन अधिक असते, हे निरीक्षण टिकून राहिले. या क्षेत्रात एवढा टिकाऊ जैविक निष्कर्ष क्वचितच दुसरा सापडेल.

परंतु या निष्कर्षात एक अडचण होती आणि ती सुरुवातीपासून ज्ञात होती. शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि रक्तातील जवळजवळ सर्व सेरोटोनिन प्लेटलेटमध्ये साठवलेले असते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसर ते ओलांडू शकत नाही. म्हणजेच रक्तातील वाढीवरून मेंदूत काय चालले आहे हे थेट सांगता येत नाही. मेंदूत ते जास्त असेल, कमी असेल किंवा अगदी योग्यही असेल. गृहीतक या फटीवरच उभे होते.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या क्रीडमूर राज्य रुग्णालयात लॉरेटा बेंडर यांनी स्वमग्न आणि छिन्नमनस्क समजल्या गेलेल्या बालकांना एलएसडी दिले होते. यामागील तर्कही सेरोटोनिनच्या दिशेनेच जात होता. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. तथापि त्या वेळी ते गुप्तपणे केलेले कृत्य नव्हते. त्याचे वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले आहेत.

कमी करण्याचे प्रयत्न :

ज्या बालकांच्या रक्तात एखादे द्रव्य वाढलेले आहे त्यांच्यात ते कमी करून पाहावे, हा सरळ विचार होता. एडवर्ड रिट्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस येथे १९७१ च्या सुमारास एल-डोपा हे औषध वापरून तसा प्रयत्न केला. रक्तातील सेरोटोनिन घटले, वर्तन मात्र बदलले नाही. येथेच थांबून विचार होण्यास वाव होता.

पुढचा टप्पा फेनफ्लुरामिनचा. हे औषध भूक कमी करण्यासाठी बाजारात होते आणि ते सेरोटोनिनचे साठे रिते करते. १९८२ मध्ये गेलर, रिट्वो, फ्रीमन आणि युविलर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तीन स्वमग्न मुलग्यांवरील प्राथमिक निरीक्षणे प्रसिद्ध केली. रक्तातील सेरोटोनिन घटले आणि या वेळी वर्तनात व बुद्ध्यंकात सुधारणाही नोंदली गेली. तीन मुलगे! निबंधाच्या शीर्षकातच 'प्राथमिक' हा शब्द होता. पण तो वाचण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. पालकांची मागणी वाढली आणि अनेक केंद्रांवर एकाच वेळी चाचण्या सुरू झाल्या. १९८८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅग्डा कॅम्पबेल यांच्या गटाने काटेकोर नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष मांडले. औषधाचा अंश नसलेल्या, परंतु दिसायला तशाच असणाऱ्या गोळीपेक्षा फेनफ्लुरामिन सरस ठरले नाही. इतकेच नव्हे तर मुलांच्या शिकण्याच्या कसोट्यांवर त्याचा विपरीत परिणाम दिसला. सप्टेंबर १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याच्या कारणाने हे औषध अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. गंमत अशी की, अल्प मात्रेत तेच औषध २०२० मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम या दुर्मीळ आकडीच्या विकारासाठी पुन्हा मान्य झाले. औषध वाईट किंवा चांगले नसते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिले जाते यावर सारे अवलंबून असते.

नैराश्यविरोधी औषधांचा या क्षेत्रात पहिला प्रवेशही याच काळातला. रोलँड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला होता. १९७१ मध्ये मॅग्डा कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ते शाळापूर्व वयाच्या स्वमग्न व छिन्नमनस्क बालकांना देऊन पाहिले. काही मुले उत्तेजित झाली, काही शांत झाली, काहींचे वर्तन अधिकच विस्कटले. एकंदर परिणाम प्रतिकूल असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. हा निबंध पुढील दोन दशकांत फारसा आठवला गेला नाही.

मंत्रचळाचे साम्य :

१९८० च्या दशकात विचाराची दिशा बदलली आणि ती बदलण्यामागे स्वमग्नता नव्हती, मंत्रचळ होता. पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे, वस्तू विशिष्ट क्रमानेच लावणे अशा अनिवार्य क्रियांच्या या विकारावर क्लोमिप्रामिन हे त्रिवलयी गटातील नैराश्यविरोधी औषध उपयोगी पडते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटाने बालकांमध्ये दाखवून दिले. क्लोमिप्रामिन सेरोटोनिन पुन्हा पेशीत ओढले जाण्याची क्रिया रोखते, म्हणजे दोन मज्जापेशींमधील पोकळीत त्याचा प्रभाव वाढवते.

येथे कॅनर यांचे जुने निरीक्षण उपयोगी पडले. स्वमग्न मूलही खेळणी एकाच रांगेत लावते, एकाच रस्त्याने शाळेत जाण्याचा हट्ट धरते, एकच वाक्य दिवसभर म्हणते. मंत्रचळाच्या रुग्णाशी हे साम्य डोळ्यांत भरणारे होते. साम्य वर्तनात आहे तर औषधही तेच चालेल, असे अनुमान काढले गेले. यात विसंगती अशी की, वीस वर्षे ज्या द्रव्याची मात्रा कमी करण्याचे प्रयत्न चालले होते, त्याचाच प्रभाव आता वाढवायचा होता. या उलट्या वळणाचे तात्त्विक समर्थन मागाहून शोधले गेले, हे नमूद केले पाहिजे.

१९९३ मध्ये चार्ल्स गॉर्डन, रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी क्लोमिप्रामिनची तुलना प्लासिबोशी आणि डेसिप्रामिनशी केली. डेसिप्रामिन हे त्याच गटातील, तसेच दुष्परिणाम असणारे, परंतु मुख्यतः नॉरएपिनेफ्रिनवर काम करणारे औषध. ही रचना चतुर होती. कारण केवळ 'औषध घेतल्याची जाणीव' आणि सेरोटोनिनवरील विशिष्ट परिणाम यांतील फरक त्यातून कळू शकत होता. क्लोमिप्रामिन दोहोंपेक्षा सरस ठरले. सेरोटोनिनच्या गृहीतकाला मिळालेला हा सर्वांत भक्कम आधार होय. चाचणी मात्र लहान होती. शिवाय एका बालकास आकडी आली आणि काहींच्या हृदयाच्या आलेखात बदल दिसले. २००१ मध्ये कॅनडातील रेमिंग्टन यांच्या गटाने हेच औषध पुन्हा तपासले, तेव्हा क्लोमिप्रामिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण दुष्परिणाम वा अन्य कारणांनी तो टप्पा पूर्णच करू शकले नाहीत.

तोवर एक नवे औषध आले होते. फ्लुऑक्सेटिन डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि 'प्रोझॅक' या नावाने त्याने सांस्कृतिक घटनेचे रूप धारण केले. ते सेरोटोनिनवर निवडकपणे काम करते आणि हृदयाला जुन्या औषधांइतके जड जात नाही, त्यामुळे बालकांना ते देण्याचे धैर्य वाढले. १९९२ मध्ये एडविन कुक व सहकाऱ्यांनी २३ स्वमग्न व्यक्तींपैकी १५ जणांत सुधारणा नोंदवली. १९९८ मध्ये रॉबर्ट डीलाँग यांनी दोन ते सात वर्षे वयाच्या ३७ बालकांवरील उत्साहवर्धक अनुभव मांडला. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी प्लासिबो घेणारा गट नव्हता. औषध कोणते आहे हे डॉक्टर, पालक आणि शिक्षक सर्वांना ठाऊक होते.

याच दशकात एक सूचक घटना घडली, तिच्याकडे इतिहासकाराने विशेष लक्ष द्यावे. १९९६ मध्ये येल येथील क्रिस्टोफर मॅकडूगल यांनी फ्लुव्हॉक्सामिनची दुहेरी अंध चाचणी ३० स्वमग्न प्रौढांवर केली. औषध घेणाऱ्या १५ पैकी ८ जणांना लाभ झाला, प्लासिबो घेणाऱ्या १५ पैकी एकालाही नाही. हा निबंध नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला व सर्वत्र उद्धृत झाला. नंतर त्यांनीच तशीच चाचणी बालकांवर केली. औषध घेणाऱ्या १८ बालकांपैकी फक्त एकाला लाभ झाला आणि १४ जणांना अतिचंचलता, निद्रानाश, आक्रमकता असे त्रास झाले. हा निष्कर्ष स्वतंत्र निबंधाच्या रूपाने नव्हे, तर एका आढावा लेखातील काही ओळींत वाचकांसमोर आला. प्रौढांचा यशस्वी निष्कर्ष बालकांच्या औषधचिठ्ठीत उतरला. बालकांचा अपयशी निष्कर्ष मात्र ओळींमध्येच राहिला.

चिठ्ठी पुढे, पुरावा मागे :

औषधांचा वापर चाचण्यांची वाट पाहत थांबला नव्हता. अमेरिकेच्या 'मेडिकेड' या शासकीय योजनेतील सुमारे ६० हजार स्वमग्न बालकांच्या २००१ सालच्या नोंदी डेव्हिड मँडेल आणि सहकाऱ्यांनी तपासल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध केल्या. निम्म्याहून अधिक बालकांना किमान एक मानसोपचाराचे औषध मिळालेले होते आणि सुमारे चौथाई बालकांना नैराश्यविरोधी औषध. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी यांतील एकही नैराश्यविरोधी औषध अधिकृतपणे मान्य नव्हते, आजही नाही. कायद्याने डॉक्टरला आपल्या विवेकाने मान्य कारणाबाहेर औषध देता येते. त्या मोकळीकीतूनच हा सारा व्यवहार झाला.

पालकांना यात दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. १९९९ मध्ये सिक्रेटिन या पचनसंस्थेच्या संप्रेरकाची ६० बालकांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एका मुलाला ते दिल्यावर चमत्कार घडल्याची वार्ता त्याआधी पसरलेली होती. चाचणीत ते प्लासिबोइतकेच ठरले. हा निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी त्यात रस असल्याचे सांगितले. रात्र रात्र न झोपणाऱ्या, भिंतीवर डोके आपटणाऱ्या लेकराच्या आईबापांना 'काहीच नाही' हे उत्तर पचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२००४ मध्ये बालकांमधील नैराश्यविरोधी औषधांचा प्रश्न वेगळ्या बाजूने ऐरणीवर आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २४ चाचण्यांतील सुमारे ४,४०० बालके व किशोरवयीन यांच्या माहितीचा आढावा घेतला. आत्महत्येचे विचार वा तशी कृती औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांत २ टक्के आढळली. प्रत्यक्ष आत्महत्या एकही झालेली नव्हती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश निघाला. स्वमग्न बालकांच्या बाबतीत या इशाऱ्याचा अर्थ अधिक गंभीर होता. जे मूल बोलत नाही, त्याच्या मनात आलेला विचार कोण नोंदवणार?

२००५ मध्ये एरिक हॉलंडर यांच्या गटाने फ्लुऑक्सेटिनच्या अल्प मात्रेची, द्रवरूप औषध देऊन केलेली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. साचेबद्ध वर्तनात प्लासिबोपेक्षा अधिक घट दिसली. आशा पुन्हा पालवली. मात्र त्यात सहभागी बालके ४५ होती. मोठ्या चाचणीची गरज सर्वांनाच जाणवत होती.

ती जून २००९ मध्ये आली. ब्रायन किंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा केंद्रांवर ५ ते १७ वर्षे वयाच्या १४९ बालकांवर सिटालोप्राम हे औषध १२ आठवडे तपासले. खर्च शासकीय निधीतून झाला होता. औषध घेणाऱ्यांपैकी ३२.९ टक्के बालकांत सुधारणा दिसली आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ३४.२ टक्के बालकांत. अतिउत्साह, उतावीळपणा, एकाग्रता घटणे, अतिचंचलता, निद्रानाश आणि अतिसार हे त्रास औषध घेणाऱ्यांत अधिक होते. इतकेच काय, ज्या साचेबद्ध हालचाली कमी व्हाव्यात म्हणून औषध दिले, त्या काही बालकांत वाढल्याचीही नोंद झाली.

यांतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. औषधाचा अंशही नसलेल्या घोटाने एकतृतीयांश बालके सुधारली. कारण पालक मुलाला चाचणीसाठी आणतात ते बहुधा त्याची स्थिती सर्वांत बिकट असताना. त्यानंतर ती काहीशी निवळतेच. त्याशिवाय सुधारणा झाली की नाही हे मूल सांगत नाही, पालक सांगतात, आणि आशेने पाहणारा डोळा आशादायक तेच टिपतो. १९९२ च्या अभ्यासातील २३ पैकी १५ हा आकडा या प्रकाशात पुन्हा वाचला पाहिजे. याउलट रिस्पेरिडोन या वेगळ्या गटातील औषधाच्या २००२ च्या चाचणीत, तीव्र चिडचिड व आक्रमकता असलेल्या १०१ बालकांपैकी औषध घेणाऱ्या ६९ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्या १२ टक्के बालकांना लाभ झाला होता. म्हणजे स्वमग्न बालकांत कोणत्याच औषधाचा परिणाम मोजता येत नाही, असे नव्हते. वजन वाढण्यासारखे त्या औषधाचे दुष्परिणाम जड होते, तरी परिणाम होता तेथे तो स्पष्ट दिसला.

न छापलेल्या निष्कर्षांचा इतिहास :

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, 'सोफिया' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्लुऑक्सेटिनच्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. १५८ बालके, १४ आठवडे. औषध प्लासिबोपेक्षा सरस नाही. जाहीर झाला तो औषध विकसित करणाऱ्या कंपनीच्या निवेदनातून. या चाचणीचा सविस्तर शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात आला तो २०२० मध्ये. ४५ बालकांचा अनुकूल निष्कर्ष सविस्तर छापून आला आणि १५८ बालकांच्या प्रतिकूल निष्कर्षाला निबंधरूप मिळण्यास दशकाहून अधिक काळ लागला.

हा योगायोग नव्हता, याची गणिती तपासणी २०१२ मध्ये कारास्को, वोल्कमार आणि ब्लॉक यांनी केली. प्रसिद्ध झालेल्या चाचण्या एकत्र केल्या असता साचेबद्ध वर्तनावर या औषधांचा लहानसा लाभ दिसत होता. अप्रसिद्ध निष्कर्षांचा हिशेब धरताच तो नाहीसा झाला. कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात नऊ नियंत्रित चाचण्या आणि ३२० सहभागी समाविष्ट होते. बालकांत लाभाचा पुरावा नाही आणि अपायाचा पुरावा पुढे येत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने बालकांतील स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी नैराश्यविरोधी औषधे वापरू नयेत, अशी स्पष्ट सूचना दिली.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील तीन केंद्रांवर १४६ मुलांवर झालेल्या फ्लुऑक्सेटिनच्या चाचणीने प्रश्न पुन्हा थोडा उघडला. १६ आठवड्यांनंतर साचेबद्ध वर्तनात औषधाच्या बाजूने किंचित फरक दिसला, परंतु दोन गटांतील मूळ तफावती लक्षात घेऊन केलेल्या विश्लेषणात तो टिकला नाही. अनेक मुले चाचणी अर्धवट सोडून गेली होती. संशोधकांनी स्वतःच सावध भाषा वापरली आहे.

पुनरावृत्ती ही कोणाची अडचण? :

यांपैकी अनेक चाचण्यांत यशाचे एक प्रमुख माप होते, ते म्हणजे साचेबद्ध वर्तनातील घट. ते मोजण्याची पट्टी मंत्रचळासाठी तयार केलेल्या पट्टीवरूनच बेतलेली होती. पण मंत्रचळाचा रुग्ण आपल्या क्रियेने त्रस्त असतो. हात धुण्याची इच्छा त्याला नकोशी असते. रांगेत गाड्या लावणारे स्वमग्न मूल बहुधा त्रस्त नसते, त्या रांगेत ते निवांत असते. त्रास होतो तो रांग कोणी मोडल्यावर. १९९५ मध्ये मॅकडूगल यांनीच दोन्ही प्रकारच्या प्रौढांची तुलना केली असता त्यांच्या पुनरावृत्तीचे स्वरूप वेगळे असल्याचे आढळले होते. मंत्रचळातील आक्रमक वा अस्वच्छतेविषयीचे विचार स्वमग्न व्यक्तींत कमी होते. क्रम लावणे, साठवणे, स्पर्श करणे अधिक होते. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आतून वेगळ्या असू शकतात हे माहीत असूनही औषध मात्र एकच राहिले. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने पालकांना उद्देशून, आमच्यासाठी शोक करू नका, अशा आशयाचा लेख लिहिला. तेव्हापासून अशा वर्तनाला आजार मानायचे की आधार, हा वाद स्वमग्न प्रौढांनी स्वतः हाती घेतला आहे. औषधशास्त्राच्या चाचण्यांत मात्र त्यांचा आवाज फार उशिरा ऐकू येऊ लागला.

याचा अर्थ स्वमग्न मुलाला नैराश्यविरोधी औषध कधीच देऊ नये असा नव्हे. अशा मुलांत, विशेषतः किशोरवयात, खरीखुरी चिंता आणि खरेखुरे नैराश्य आढळते, आणि तज्ज्ञ त्यासाठी ही औषधे अल्प मात्रेपासून, बारीक लक्ष ठेवून वापरतात. त्यासाठीही स्वमग्न बालकांवरील पुरावा तुटपुंजाच आहे. पण तेथे निदान प्रश्न योग्य असतो. मुलाला कशाचा त्रास होतो आहे, हे आधी विचारलेले असते.

भारताच्या संदर्भात दोन बाबी नोंदवण्याजोग्या आहेत. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार २००५ पर्यंत औषधाच्या उत्पादनावर नव्हे, तर केवळ निर्मितीप्रक्रियेवर पेटंट मिळत होते. त्यामुळे फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे येथील कंपन्यांनी अल्प किमतीत बाजारात आणली. औषध असे सहज आले. स्वमग्नतेला कायद्याची ओळख मिळण्यास मात्र वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत तिचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, प्रशिक्षित शिक्षक यांची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीही जेथे दुर्मीळ असते, तेथे औषधाच्या दुकानात सहज मिळणारी गोळी हाच एकमेव उपाय वाटू लागतो. तालुक्याहून मुलाला घेऊन शहरातील तज्ज्ञाकडे येणाऱ्या पालकांच्या हाती परतताना बहुधा चिठ्ठीच असते. शिक्षक चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

आणि ज्या निरीक्षणापासून हे सारे सुरू झाले, ते अद्याप जागच्या जागी आहे. शेन आणि फ्रीडमन यांनी १९६१ मध्ये मोजलेले वाढीव सेरोटोनिन आजही स्वमग्न बालकांच्या एका गटात तसेच आढळते. १९९९ मध्ये डेट्रॉइट येथील डायेन चुगानी यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून असे दाखवले की, इतर बालकांत मेंदूची सेरोटोनिन तयार करण्याची क्षमता सुमारे पाच वर्षांपर्यंत खूप जास्त असते आणि मग घटते. स्वमग्न बालकांत ती दोन ते पंधरा या वयात हळूहळू वाढत जाते. म्हणजे प्रश्न सेरोटोनिनच्या कमी-अधिक प्रमाणाचा नसून ते कोणत्या वयात किती असते याचा असू शकतो. रक्तातील वाढीचे कारण मात्र अजून कोणालाही निश्चितपणे सांगता आलेले नाही.